मदत हवी आहे: अर्थपत्रकारितेसाठी आधी अर्थशास्त्र शिकावे की थेट पत्रकारिता?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा असून, बी.कॉम. झाल्यानंतर गेली तीन वर्षे येथील एका मराठी दैनिकात बाजारभावांचे पान पाहतो. गेल्या हंगामात मी कापसाच्या क्विंटलच्या भावाशेजारी रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) खंडीचा भाव मांडला आणि ‘शेतकऱ्याच्या पदरात आठवा हिस्साच’ असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच एका जिनिंगवाल्या काकांचा फोन आला. क्विंटल म्हणजे सरकीसकट शंभर किलो कापूस, खंडी म्हणजे ३५६ किलो निव्वळ रुई, आणि एका क्विंटलातून रुई निघते जेमतेम चौतीस-पस्तीस किलो. मग बाबा, तू तुलना कशाची केलीस? दुरुस्ती छापली, पण त्यांचा पुढचा प्रश्न अजून मनातून जात नाही: न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला रुईचा पाउंडामागचा भाव, डॉलरचा दर आणि आयातशुल्क यांचा आमच्या आडतीवरच्या आकड्याशी काय संबंध, हे तुमचे पान कधी सांगणार?

म्हणून आता रीतसर शिकायचे ठरवले आहे. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये ब्लूमबर्ग या वित्तीय वृत्तसंस्थेच्या सहकार्याने व्यवसाय व वित्त पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे. मला हवे ते सगळे तिथे दिसते, फक्त शिक्षण इंग्रजीतून आहे आणि आजवरचे माझे लेखन मराठीत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अशाच अभ्यासक्रमात स्टर्न बिझनेस स्कूलचे वर्गही करता येतात, परंतु खर्च डॉलरमध्ये आणि पुढचा पगार रुपयांत, हा व्यवहार बाजारभाव लिहिणाऱ्याने तरी करू नये.

तिसरा मार्ग म्हणजे नोकरी सांभाळून नागपूर विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. करणे. १९९२ मध्ये हर्षद मेहताचे शेअर घोटाळ्याचे प्रकरण बाहेर काढणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल यांचे शिक्षण पत्रकारितेचे नव्हे, तर संख्याशास्त्राचे व कायद्याचे होते, हे आठवले की मन याच मार्गाकडे झुकते. तथापि कंपनीच्या ताळेबंदातून बातमी कशी काढायची, हे एम.ए.च्या वर्गात कोण शिकवणार, अशीही शंका येते.

चेन्नईचा अभ्यासक्रम मराठी माध्यमातून शिकलेल्या कोणी केला असल्यास, पहिले काही महिने इंग्रजी लेखनाचे कसे निभावले आणि परतल्यावर मराठी वृत्तपत्रांत त्या पदविकेमुळे काम किंवा पगार बदलला का, हे कृपया सविस्तर लिहावे. आधी एम.ए. आणि मग पदविका, असा क्रम कोणी घेतला असेल तर त्यात दोन वर्षे वाया गेली असे वाटले का, हेही जाणून घ्यायचे आहे.