बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, गावाला समजवायचं कसं?

मास्तर_केळापूर
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे. आमच्या शाळेतल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे आहेत, कितीही घासले तरी जात नाहीत, आणि गावात पन्नाशीच्या आतलेच लोक कंबर-गुडघे धरून बसलेत. हापशीचं पाणी लॅबला दिलं तर फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या बरंच वर निघालं, म्हणजे हे सगळं त्याचंच दिसतंय. मागे एक टीम आली होती, चौकात भाषण केलं, पत्रकं वाटली आणि गेली, दुसऱ्या दिवशी बाया परत त्याच हापशीवर. काही जण म्हणतात गाजावाजा करू नका, गावाचं नाव खराब होते, पोरींची लग्नं जमत नाहीत. आशाताई आणि बचत गटाच्या दोघी माझ्यासोबत आहेत. सुरुवात कुठून करावी?

भूजलवाला
सर, आधी गावातले सगळे स्रोत तपासा, एकच हापशी नको. फ्लोराइड खडकातून येतं, खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं म्हणून तिथं जास्त आणि उथळ विहिरीत बऱ्याचदा कमी, कधीकधी तर शंभर पावलांवरच्या विहिरीचं पाणी चांगलं निघतं. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत चालवून घेतात. अजून एक, कोणी म्हणेल आपल्या ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे, तर ते कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वगैरे बघून देतात, त्याचा फ्लोराइडशी संबंध नाही. टीसीएल टाकून फ्लोराइड जात नाही, आणि पाणी उकळलं तर उलट वाढतं कारण पाणी आटतं आणि फ्लोराइड मागे राहतं. हे गावात सगळ्यात आधी सांगा, कारण लोक उकळून पितात आणि निर्धास्त होतात.

बचतगट_किनवट
सर, भाषण देऊच नका. जलजीवन मिशनमधून गावोगावी पाच बायांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं असते, तुमच्या गावात कोणाचं नाव आहे ते ग्रामसेवकाला विचारा, कधीकधी किट कपाटात पडून असते. आमच्याकडे आम्ही ओट्यावर बसून सगळ्यांसमोर टेस्ट केली, ज्याचं त्यानं आपल्या घरचं पाणी आणलं. द्रावण टाकल्यावर चांगलं पाणी गुलाबी राहते आणि फ्लोराइड जास्त असलं की पिवळट पडते. एक आजीबाई आपली बाटली पिवळी झालेली पाहून गप्पच झाल्या, मग म्हणाल्या शेजारणीच्या विहिरीचं आणते तेही बघा, आणि ते गुलाबी निघालं. त्या दिवसापासून त्यांच्या सुना पिण्याचे गुंड तिथूनच भरतात, कोणाला समजवावं लागलं नाही.
आणि हे नक्की सांगा की आंघोळ, कपडे, भांडी सगळं बोअरवरच चालते, फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं बदलायचं. सगळंच पाणी बंद म्हटलं की बाया ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, उन्हाळ्यात पाणी कोण वाहणार.

नागपूरकर७७
एवढं कशाला, आरओ प्लांट बसवा, विषय संपला.

भूजलवाला
आरओनं फ्लोराइड निघतं हे खरं, पण फिल्टर-मेम्ब्रेन बदलायला पैसे आणि माणूस लागतो. पाणीपट्टीतून ती सोय आधी ठरली नसेल तर प्लांट बंद पडतो आणि लोक मुकाट्यानं परत हापशीवर येतात. ठरवून केलं तर चांगलंच आहे. सर, शाळेला पत्र्याचं छत असेल तर पावसाचं पाणी साठवायचा विचार करा, शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी, निदान पोषण आहाराचं आणि पोरांच्या पिण्याचं काही महिने तरी सुटेल. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्यायचं.

आशाताई_विदर्भ
दातांबद्दल पालकांना खरं सांगा सर. आलेले पट्टे औषधानं जात नाहीत, पण पक्के दात बनायच्या वयातल्या, म्हणजे साधारण आठच्या आतल्या लेकरांचं पाणी आत्ता बदललं तर त्यांचे वाचतात. म्हणून मी अंगणवाडीच्या आणि गरोदर बायांच्या घरी आधी जाते. सोबत दूध, पालेभाज्या, आवळा-लिंबू सांगते, कोरा चहा आणि काळं मीठ कमी करायला सांगते. लग्नाचा विषय निघतोच, तेव्हा मी म्हणते की लपवलं तर पुढच्या पोरींचेही दात असेच होतील. ग्राम आरोग्य समितीच्या मिटिंगमध्ये हा विषय लिहून घ्या, थोडा निधी असतो त्यांच्याकडे.

मास्तर_केळापूर
खूप आभार ताई, भाऊ. ग्रामसेवकाला फोन केला, किट आहे म्हणाले. शनिवारी शाळेच्या ओट्यावर टेस्ट ठेवतो, सातवीची पोरं गावाचा नकाशा काढून प्रत्येक विहीर-हापशी त्यावर मांडतील आणि तोच नकाशा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत लावून ठराव मागू. जास्त निघालेल्या हापशीला लाल रंग द्यायचा विचार आहे.

बचतगट_किनवट
रंग द्यायच्या आधी नमुना लॅबला पाठवून पक्का रिपोर्ट घ्या सर, किटचा रंग अंदाजाचा असतो. आणि बाटलीवरची एक्सपायरी बघा, जुनं द्रावण असलं की रंग बरोबर येत नाही.