शाळेच्या ग्रंथपालाला बी.लिब. पुरे, की बी.एड.ही हवं?

डिचोलीकरीण
शाळेत ग्रंथपाल नेमताना बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, बघतात. त्यात वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), संगणक सगळं शिकवतात. मूल मात्र जेमतेम दिसतं. पाचवीतल्या पोरानं घोणशीवरचं पुस्तक मागितलं, तर सापांचा ड्युई क्रमांक, म्हणजे विषयवार वर्गीकरणातला आकडा, ५९७.९६ तोंडपाठ. पण त्याला झेपेल असं मराठी पुस्तक कुठलं? गूगलवरच्या दहा गोष्टींतली खोटी कुठली, हे त्याला शिकवायचं कसं? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शालेय ग्रंथपालाला शिक्षकाचा परवानाही लागतो. आपल्याकडे बी.एड.ची अट घालाच.

जुना कार्डवाला
ताई, अट घालायला काय जातंय! दोन पदव्यांचा माणूस दुसऱ्या आठवड्यापासून रजेवरच्या शिक्षकांचे तास घेत फिरेल. आज निदान ‘मी शिक्षक नाही’ असं म्हणता येतं. आणि ५९७.९६ ला हिणवू नका. मी रुजू झालो तेव्हा सापांवरचं सचित्र पुस्तक धार्मिक ग्रंथांत सापडलं. आधी चार्ज होता त्या शिक्षकांनी मुखपृष्ठावरचा नाग बघून हात जोडले असावेत! दाखलनोंदवहीत पुस्तक होतं, पण पोरांच्या हाती कधीच लागलं नव्हतं.

सत्तरीचा मास्तर
तुमचं दोघांचं हायस्कुलापुरतं ठीक. आमच्या प्राथमिक शाळेत आम्ही दोघे शिक्षक, आणि ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं आहे. ग्रंथपालाचं नावही नाही. मग शिकवायचं तर आम्हालाच शिकवा. पणजीच्या बुकवर्म या संस्थेनं टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ या बालसाहित्याच्या उपक्रमाबरोबर ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी कोर्स घेतला होता. पोरांना मोठ्यानं वाचून कसं दाखवायचं, पुस्तकावर बोलतं कसं करायचं, हे नोकरी सांभाळून शिकता यायला हवं.

डिचोलीकरीण
@कार्डवाला, जादा तासांचा बंदोबस्त नेमणूकपत्रात करता येईल. शिकवता न येण्याचा कसा करणार?
@मास्तर, कोर्स कराल हो, पण कपाटाची किल्ली कुणाकडे?

सत्तरीचा मास्तर
माझ्याच खिशात. पुस्तक हरवलं की भरपाई कोण देणार?

जुना कार्डवाला
बघा! म्हणून प्रशिक्षण कुठलंही द्या, पहिल्याच दिवशी निर्लेखन शिकवा. फाटलेलं, हरवलेलं पुस्तक कुणाच्या मंजुरीनं नोंदवहीतून कमी करायचं, ते मास्तरांना कुणी सांगितलेलंच नसतं.