मोबाइल बंदीचा म्हणे बाऊ!

कोलशेतकर: 'चक्रधर वाशी' यांनी काल लिहिलं की पंपावरची 'मोबाइल बंद ठेवा' पाटी थोतांड, क्यूआर तर मशीनलाच चिकटवलेला असतो, म्हणून कंपनीच्या गेटवर फोन जमा करणं आणि गाडीत कॉल घेतल्याचा दंड, सगळाच बाऊ. वाचून डोकं फिरलं. पंपाचं एक वेळ सोडा. मोबाइलच्या लहरींनी पेट्रोलची वाफ पेटल्याचं सिद्ध झालेलं नाही, ठिणगी पडते ती बहुधा अंगावरच्या स्थिर विजेची. पण तळोज्याच्या केमिकल कंपनीत सॉल्व्हंटचा, म्हणजे पटकन पेटणाऱ्या द्रावकाचा, ड्रम उघडा असताना साधा फोन आपटून बॅटरी शॉर्ट झाली तर? म्हणून तिथे ठिणगी न पडणारा, प्रमाणित हँडसेटच आत जातो. आमच्याकडे ठेकेदाराच्या एका पोरानं मोज्यात लपवून नेला होता. ड्रमशेजारीच वाजला. सुपरवायझरचा चेहरा बघायला हवा होता.

चक्रधर वाशी: पंपाचं मान्य केलंत, पेढे वाटतो! माझा फोन होल्डरवर, बोलणं ब्लूटूथवर, हात स्टिअरिंगवर. रस्ता बघायला फोन 2020 पासून नियमातच बसतो.

कोलशेतकर: रस्ता बघायला, सासुरवाडीशी गप्पा मारायला नाही! आणि लक्ष विचलित होता कामा नये, ही अट सोयीस्कर गाळलीत. माझ्या मेहुण्याचेही हात स्टिअरिंगवरच होते. पाम बीच रोडला बोलण्याच्या नादात लाल सिग्नल दिसलाच नाही. मान अजून आखडते त्याची.

गायमुखग्रस्त: आधी घोडबंदरचे खड्डे बुजवा. ट्रेलर बंद पडला की माणूस फोन नाही तर काय, भजन करणार?

ऐरोलीची माई: आणि रिक्षावाले? परवा माजिवड्याला एका फोनवर भाडं, दुसऱ्यावर क्रिकेट. सिग्नल सुटला, मागून हॉर्न, पण ओव्हर संपल्याशिवाय पठ्ठ्यानं गिअर टाकला नाही.

तीनचाकी: माई, भाडं ॲपवर येतं, लगेच घेतलं नाही तर दुसऱ्याला जातं. बुक केल्या केल्या "दादा, कुठे पोचलात?" म्हणून फोन कोण करतं? नाही उचलला तर कॅन्सल!

ऐरोलीची माई: मग बाजूला घेऊन उचला की! बाजूला थांबायचं ते फक्त मीटरनं यायला नकार द्यायला का?

तीनचाकी: तोंड सांभाळून. सगळे सारखे नसतात.

गायमुखग्रस्त: मीटरनं कापूरबावडी कोण येतं ते दाखवा, सत्कार करतो.

कोलशेतकर: विषय मोबाइलचा आहे, राव. हातात फोन धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 प्रमाणे धोकादायक ड्रायव्हिंगच आहे. रिक्षा असो की एसयूव्ही.

चक्रधर वाशी: बरं बाबा, कंपनीच्या गेटवर फोन जमा करीन, तुमच्या ड्रमची शपथ. ब्लूटूथ सोडणार नाही. आणि तीनचाकी दादा, कापूरबावडी मीटरनं, बोला, येता?