भिंतीवरचं ‘चेंज’: १८०८ नंतर विकायला माणसं येत होती कुठून?

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. माझा भाचा तारवटी आहे, क्रूझवर स्टुअर्ड. गेल्या महिन्यात त्याची बोट न्यू ऑर्लिन्सला लागली होती. एरवी तो फक्त खाण्याचे फोटो पाठवतो, या वेळी आला भिंतीचा. चार्टर्स स्ट्रीटवरच्या एका मोठ्या हॉटेलाची भिंत, तिच्यावर पुसट झालेली जुनी अक्षरं: ‘चेंज’. मूळ शब्द ‘एक्स्चेंज’. जुनी इमारत पाडली, तेवढा तुकडा ठेवला म्हणे. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, “मावशी, हांगा मनशांची पावणी जाताली.”

गोव्याबाहेरच्यांसाठी: म्हणजे ‘इथे माणसांचा लिलाव व्हायचा’. पावणी म्हणजे लिलाव, पण आमच्याकडे हा शब्द देवळातला. उत्सवात देवापुढचे नारळ, केळीचे घड यांची पावणी होते. माझ्या आजोबांनी एकदा ईर्ष्येने बोली चढवत एक नारळ शंभर रुपयांना घेतला होता. आजीने पुढची दहा वर्षं त्यांना तो नारळ विसरू दिला नाही. त्यामुळे ‘मनशांची पावणी’ वाचल्यावर मी जराशी बसूनच राहिले.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. १ जानेवारी १८०८ पासून अमेरिकेत गुलाम आणायला बंदी आली, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. मग १८४०-५० मध्ये या शहरात विकायला माणसं येत होती कुठून? चोरून? आणि चोरून असेल तर एवढ्या मोठ्या हॉटेलात, भर दुपारी?

पर्वरीकर

चोरूनच हो. आपल्या किनाऱ्यावर सोनं उतरायचं तसं.

धक्का नंबर सहा (वास्को)

चोरून नाही, ताई. सगळं कागदावर. इतकं कागदावर की मला त्याचाच त्रास होतो.

मी मुरगाव बंदरात एका शिपिंग एजंटाकडे बत्तीस वर्षं कारकुनी केली. मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या याद्या, भरायचे. आमचा माल म्हणजे लोहखनिज, रकाने चारच: किती टन, कुठल्या होल्डमध्ये, कुणी पाठवला, कुणाला. निवृत्तीनंतर मुलाने इंटरनेट लावून दिलं तेव्हा हौस म्हणून जुन्या जहाजांचे मॅनिफेस्ट बघत बसायचो. त्यात अमेरिकेच्या किनारी जहाजांचे हे कागद समोर आले. अक्षर वळणदार, रकाने सरळ. आणि रकाने कसले? नाव, लिंग, वय, उंची फूट-इंचांत, रंग.

तुमचं उत्तर या फॉर्मातच आहे. १८०७ च्या कायद्याने बंदी घातली ती परदेशातून माणसं आणायला. देशातल्या देशात विकायला नाही. त्याच कायद्यात कलम होतं की चाळीस टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाने एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या बंदरात विकायला गुलाम न्यायचे तर मॅनिफेस्ट दोन प्रतींत द्यायचा, आणि खाली शपथ घ्यायची की यातला कुणीही १ जानेवारी १८०८ नंतर बाहेरून आणलेला नाही. शपथ बहुतेक वेळा खरीच असायची. माणसं व्हर्जिनिया-मेरीलँडला जन्मलेली.

तिकडे तंबाखूने जमिनी निकस केल्या होत्या, मालक गव्हाकडे वळत होते, त्यांना पूर्वीइतके हात नको होते. खाली दक्षिणेत उलटं. १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र आलं, १८०३ मध्ये लुईझियाना (न्यू ऑर्लिन्स त्यातच) फ्रान्सकडून विकत घेतलं, कापूस आणि ऊस पसरत गेला. बाहेरून माल बंद, मागणी चढती. मग बंदीचा फायदा कुणाला झाला ते कारकुनालाही कळतं. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं वरच्या दक्षिणेतून खालच्या दक्षिणेत हलवली गेली. काही मालकाच्या कुटुंबाबरोबर गेली, पण फार मोठा भाग विकलेला.

वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियात ड्यूक स्ट्रीटवर फ्रँकलिन अँड आर्मफिल्ड ही पेढी १८२८ मध्ये सुरू झाली. जॉन आर्मफिल्ड तिथे खरेदी करायचा, आयझॅक फ्रँकलिन न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझला विक्री. त्यांची स्वतःची जहाजं होती, ठरलेल्या फेऱ्या, वर्तमानपत्रात जाहिराती. जागा उरली तर दुसऱ्या व्यापाऱ्याचा ‘माल’ही घेत. समुद्रमार्गे, फ्लोरिडाला वळसा घालून, सुमारे तीन आठवडे. चालत नेलं तर पुरुष जोडीजोडीने बेड्यांत, दीड-दोन महिने. विक्रीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मेपर्यंत. उन्हाळ्यात पिवळ्या तापाच्या भीतीने गिऱ्हाईकच शहर सोडून जायचं.

भाच्याने पाहिली ती जागा सेंट लुई हॉटेलची. आत घुमट, घुमटाखाली गोल दालन, आणि दुपारी एकाच वेळी तीन-चार लिलाव, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. १८४२ मध्ये छापलेलं एक चित्र आहे: एका बाजूला जमिनी विकतायत, एका बाजूला तसबिरी, मध्ये चौथऱ्यावर माणसं. पण घुमटाखाली विकली जात ती बरीचशी मेलेल्या किंवा दिवाळं निघालेल्या मालकांची माणसं. व्यापाऱ्यांनी उत्तरेकडून आणलेली माणसं उंच भिंतींच्या वाड्यांमध्ये विकायला ठेवत. आल्यावर आधी आंघोळ, दाढी, पोटभर खाणं. अंगाला तेल, पिकलेले केस उपटायचे नाहीतर काळे करायचे. नवे कपडे घालून उंचीप्रमाणे ओळीत उभे. (आता कळलं उंचीचा रकाना का?)

सौदा ठरला की नोटरीकडे. लुईझियानाचा कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा, म्हणजे आपल्या पोर्तुगीज सिव्हिल कोडाचा लांबचा नातेवाईक. त्यात गुलामातल्या ‘दोषां’ची यादी होती: कुष्ठरोग, वेड, फेफरं. स्वभावाचे दोष वेगळे: चोरी, पळून जायची सवय. दोष लपवला तर खरेदी रद्द. घोड्याला असतात तसे नियम. गहाणवटही चाले. २००५ मध्ये एका मोठ्या अमेरिकन बँकेने जाहीर कबुली दिली की पुढे तिच्यात विलीन झालेल्या सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक यांनी सुमारे तेरा हजार माणसं तारण म्हणून घेतली होती. कर्ज बुडालं म्हणून साडेबाराशेच्या आसपास बँकांच्याच मालकीची झाली.

एक मॅनिफेस्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ब्रिग (शिडाचं जहाज) ऑर्लिन्स, १८४१. त्यात ‘प्लॅट हॅमिल्टन’ असं नाव आहे. तो माणूस सॉलोमन नॉर्थप, न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र नागरिक, व्हायोलिन वाजवणारा. कामाच्या आमिषाने वॉशिंग्टनला नेऊन पळवलेला. फॉर्म बिनचूक भरलेला, शिक्का बरोबर, आणि नावच खोटं. न्यू ऑर्लिन्सला थिओफिलस फ्रीमन नावाच्या व्यापाऱ्याने तो एक हजार डॉलरला विकला. जहाजावरच्या जॉन मॅनिंग नावाच्या इंग्रज खलाशाने त्याचं पत्र गुपचूप टपालात टाकलं होतं. पत्र पोचलं. पण तो कुठे विकला जाणार हे त्यालाच ठाऊक नव्हतं, ते पत्रात कुठून येणार? सुटका झाली थेट जानेवारी १८५३ मध्ये. भाच्याला हे जरूर सांगा, खलाशाचं काम आहे.

सांगेकर

काका, जबरदस्त. मी पावणीबद्दल लिहितो. ताई, ‘मनशांची पावणी’ बघायला न्यू ऑर्लिन्सपर्यंत जायला नको. जुन्या गोव्यात रुआ दिरैता होती, व्हाइसरॉयच्या कमानीपासून वर जाणारा रस्ता. डच प्रवासी लिन्शोटेन १५८० च्या दशकात इथे होता, त्याने लिहून ठेवलंय की सणवार सोडून रोज सकाळी तिथे लिलाव चालत, आणि त्यात माणसंही असत. मोझांबिकहून आणलेली, बंगालहून आणलेली. आज तिथे पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या असतात. पोर्तुगालने गुलामांचा व्यापार बंद केला १८३६ मध्ये, गुलामगिरी मोडल्याचा हुकूम काढला १८६९ मध्ये. म्हणजे अमेरिकेच्याही नंतर.

कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलातले आफ्रिकी वंशाचे सिद्दी बरेचसे गोव्यातून निसटलेल्या गुलामांचे वंशज मानले जातात. माझ्या वडिलांचा तिकडे लाकडाचा व्यवहार होता. ते सांगायचे, सिद्दी त्यांच्याशी कोंकणीत बोलायचे आणि त्यांची कोंकणी आमच्यापेक्षा जुनी वाटायची.

पर्वरीकर

म्हणजे सगळं पाद्र्यांचं आणि फिरंग्यांचं पाप.

सांगेकर

थांबा जरा. मोझांबिकच्या या व्यापारात दीव-दमणच्या वाण्यांचंही भांडवल होतं. सोयीपुरता इतिहास वाचू नका.

धक्का नंबर सहा (वास्को)

पाद्र्यांचं निघालंच आहे तर तेही सांगतो. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ माणसं १,१५,००० डॉलरला लुईझियानात विकायचा करार केला. त्यातला काही पैसा त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजच्या कर्जात गेला. बरीच माणसं ‘कॅथरिन जॅक्सन’ जहाजाने अलेक्झांड्रियाहून न्यू ऑर्लिन्सला गेली, त्या मॅनिफेस्टातही उंचीसकट नावं आहेत. पण त्याच कागदावरून आज त्यांचे वंशज एकमेकांना शोधून काढतायत. तो भरणाऱ्या कारकुनाच्या हे स्वप्नातही नसेल.

कुळागर (फोंडा)

काका, दोनदा वाचलं. एकच विचारते. मुलांचं काय? आईपासून वेगळी विकायचे?

धक्का नंबर सहा (वास्को)

कायद्याने नाही. दहा वर्षांखालचं मूल आईपासून तोडून विकायचं नाही, असा लुईझियानात नियम होता. १८२९ मध्ये तर आईशिवाय असं मूल राज्यात आणायलाही बंदी आली. नॉर्थपबरोबर त्याच जहाजात एलायझा नावाची बाई होती, तिची दोन मुलं घेऊन. मोठा रँडल आधी विकला गेला. मग एलायझाला सातशे डॉलरला घेतलं विल्यम फोर्डने, ज्याने नॉर्थपला घेतलं त्यानेच. तिचा आकांत बघून फोर्ड मुलीलाही घ्यायला तयार झाला. फ्रीमन म्हणाला, ही विकायची नाही, मोठी झाली की हिचे जास्त येतील. एमिली तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आईला पुन्हा दोघांतलं कुणी दिसलं नाही.

त्या शहरातले नोटरीचे जुने कागद जपून ठेवलेले आहेत, कुणालाही बघता येतात. भाचा परत गेला तर एक दस्त बघून यायला सांगा. जमला तर फोटो.

कुळागर (फोंडा)

सांगितलं. म्हणाला, बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, त्याला मधले चार तास मिळतात, त्यात आईला फोन आणि शांपूची खरेदी. मग थोड्या वेळाने पुन्हा मेसेज आला: “मावशी, ते हापीस कितें वेळार उगडटा तें विचार.”