गोव्यातल्या पेडण्यातलं घर: जुने चिरे वाचवावेत की नवे ब्लॉक आणावेत?

वसरी:
आजोबांच्या घराची एक बाजू गेल्या पावसात बसली. उतरवावंच लागेल. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, चुन्यात बांधलेल्या; वर मंगळुरी कौलं, वासे किंजळीचे. माझं म्हणणं, याच सामानात नवं घर उभं करावं. कंत्राटदार म्हणतो, चिरे काढून साफ करण्याच्या मजुरीत सिमेंटचे ब्लॉक येतील. काय करू?

डिचोलीकर:
कंत्राटदाराचं ऐका. मी हा नाद केला होता. निम्मे चिरे काढतानाच फुटले, वासे वाळवीने आतून पोकळ. शेवटी नवे चिरे आणले, तेही डोंगर पोखरून काढलेले. खाणीला परवाना होता का, मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू? ‘स्थानिक’ म्हटलं की पाप धुऊन निघत नाही.

माडाखालचा:
डिचोलीकर, तुमच्या भिंती सिमेंटात होत्या का? ग्यानबाची मेख तिथेच आहे. चुन्याचा सांधा चिऱ्याहून मऊ, पहार लावली की दगड अख्खा सुटतो. सिमेंटचा सांधा सुटत नाही, मग फुटतो तो चिरा. म्हणून नवीन भिंतही चुन्यातच बांधा. उद्या नातवंडांनी पाडली तरी दगड कामाला येईल.

डिचोलीकर:
होत्या सिमेंटात. पण चुना जाणणारा गवंडी आणायचा कुठून? आमच्याकडे आलेल्याने माझी पाठ वळताच चुन्यात सिमेंट कालवलं.

शंकासुर:
‘स्थानिक’चं एवढं कौतुक मला कळत नाही. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या जर्मन माणसाने मंगळूरला काढला. त्याआधी आपल्या घरांवर नळे (अर्धगोल कौलं) असायचे. आज तेच कौल ‘आपलं’! आणि हो, हल्ली हॉटेलवाल्यांसारखा जांभा उघडा ठेवायची फॅशन आहे, ती करू नका. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, तेव्हापासून पाऊस थेट दगडावर बसतोय. गिलावा पुन्हा लावावा की नाही, हा वाद अजून चालूच आहे.

माडाखालचा:
कौल कुठलं का असेना, छपरावर आहे ते उतरवून पुन्हा चढवायला भट्टी लागत नाही. मुद्दा तेवढाच.

वसरी:
काल कोपऱ्यातले दहा चिरे काढून पाहिले. नऊ अख्खे निघाले. वाशांपैकी चार गेलेत, बाकी ठणठणीत. मिरगाआधी कौलं उतरवतोय. कंत्राटदाराला बोलावून ढीग दाखवला, तर त्याने नेमका तो दहावा उचलला. म्हणे, “बघा, सांगितलं नव्हतं? फुटतात.”