अनुभव धागा: खानदेशातलं जुनं घर – धाबं, लोणा आणि सामाईक भिंत

अमळनेरच्या जुन्या भागात आमचं पाच खणांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर आहे. सागाचे खांब, कडीपाट, वर कडुनिंबाचा पाला, चिखल आणि खारी, म्हणजे पाणी अडवणारी खारट पांढरी माती. आजोबा असेपर्यंत मृग लागायच्या आत धाब्यावर नवी खारी पडायची. गल्लीत कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "यंदा खारी टाकी का?"

पुढे खारी टाकणारे मजूर मिळेनात, म्हणून नानांनी 2009 मध्ये सगळ्या धाब्यावर सिमेंटचा कोबा करून घेतला. पहिला पावसाळा कोरडा गेला आणि नाना शेजारपाजाऱ्यांनाही कोबा सुचवू लागले. दुसऱ्या वर्षी माजघरात देवळीच्या वर बशीएवढा तपकिरी डाग दिसला. आम्ही त्यावर चुना मारला. चार वर्षांनी सुतार आला. त्याने कडीचं (छपराच्या आडव्या लाकडाचं) भिंतीत गेलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचलं, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. खालून कडी तेल लावल्यासारखी चकचकीत दिसत होती. भिंतीतला वीतभर भाग मात्र भिजवलेल्या पावासारखा झाला होता.

कारण मला उशिरा कळलं. माती भिजली की फुगते आणि तिच्या बारीक भेगा बुजतात, ऊन पडलं की ती वाळते. कोबा आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत तडकतो. तडीतून पाणी खाली उतरतं आणि वरून झाकण असल्यामुळे वाळत नाही. मग वाट काढत ते कडीच्या टोकाशी जाऊन बसतं.

तुमच्या घरांचं काय चाललंय? काय केलं, काय फसलं, किती दिवस लागले, सगळं लिहा. "जुनं ते सोनं" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

पांझराकाठ
धुळ्यात आमचं घर नंबरच्या गल्लीत. कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 च्या सुमारास आखलेल्या या सरळ गल्ल्यांचं कौतुक सगळे करतात. गल्ल्या सरळच आहेत, पण दर काही वर्षांनी उंच होत जातात. लहानपणी ओट्यावर चढायला चार पायऱ्या होत्या. आता एक उरलीय, तीही अर्धी. प्रत्येक वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकतात. मग गल्लीतलं पाणी ओटा ओलांडून पडवीत शिरतं आणि मोरीचं पाणी उलटं फिरतं.

आम्ही दगडी उंबऱ्यावर आणखी सहा इंच चढवले, मोरीच्या पाइपला उलटं पाणी अडवणारी झडप बसवली. खरं काम मात्र अर्जाने झालं. मागच्या कामाआधी गल्लीतल्या चौदा घरांच्या सह्या घेऊन "आधी जुना थर खरवडा, मग नवा टाका" असं लेखी दिलं. तीन चकरा मारल्या. खरवडला! पूर्ण नाही, पण पायरी वाचली. काम सुरू झाल्यावर गेलात तर कोणी ऐकत नाही, निविदा निघायच्या आधी जा.

केळीवाली
रावेर तालुका. मातीच्या भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर चढणारा खार) लागला म्हणून सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइलपेंट. लोणा तीन फुटांवर होता, तो पाच फुटांवर गेला. ओल बाहेर पडायला जागाच नव्हती. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. त्याआधी पलीकडच्या न्हाणीघराचा गळका पाइप सापडला, तो आधी बदलला. हे आधीच शोधलं असतं तर दोन वर्षं आणि एक ऑइलपेंट वाचला असता.

गवंडीभाऊ (सिव्हिलवाला)
धागाकर्त्या ताई, कोब्याचं बरोबर लिहिलंत. पण खारीचीही एक खोड आहे. लोक दरवर्षी नवी टाकतात, जुनी काढत नाहीत. थर वाढत जातो. हिशेब करा: दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. कोरडी असतानाच साडेचार टनांच्या आसपास, भिजली की आणखी जड. हे सगळं सात-आठ कड्यांवर. आधी जुनी खरवडून खाली उतरवा, पन्हळीकडे उतार नीट करा, मग नवी टाका. आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचं लोखंडी कडं जिथे आहे तो सरा, म्हणजे कड्या पेलणारी मोठी तुळई, आधी तपासा. वर्षानुवर्षं हिसके त्यालाच बसलेत.

कानबाईचं माहेर
आमचं घर शिरपूरकडे, वर्षभर कुलूप. वारस अकरा, राहतात पुण्यापासून सुरतपर्यंत. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचं नाव. दुरुस्तीचा विषय निघाला की फोनवर सगळे "बघू" म्हणायचे.

घर उघडायचं ते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते तेव्हा. दोन वर्षांपूर्वी रोटांसाठी गहू मोजताना धाब्याच्या साण्यातून (उजेडासाठीच्या झरोक्यातून) पाणी थेट परातीत पडलं. थोरल्या आबांनी परात बाजूला सरकवली, वही मागवली आणि म्हणाले, "कानबाई उठायच्या आत प्रत्येकानं आपला आकडा लिहायचा." नऊ जणांनी लिहिला. उरलेल्या दोघांबद्दल इथे लिहीत नाही, तेही हा धागा वाचत असतील. वारसनोंदीचा अर्जही त्याच सोमवारी, सगळ्यांच्या सह्या हाताशी असतानाच, भरला. पुन्हा जमवायला वर्ष गेलं असतं.

शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत अजून तशीच आहे. त्यांना ती पाडायचीय, आमच्या कड्या तिच्यावर टेकल्यात.

स्लॅबवाला
आम्ही पाडलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, किलचणीतून, म्हणजे कड्यांवरच्या लाकडी चिपांच्या थरातून, पावसाळ्यात विंचू पडायचे, रात्री उशी झटकून झोपायचं. आता स्लॅब आहे. मे महिन्यात रात्री अकरालाही वरून भट्टी लागते, कूलर बंद होत नाही. तरी पश्चात्ताप नाही. लिहायचं म्हणून लिहिलं.

भुसावळची वायर
कूलरवरून आठवलं. जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायरिंग असेल तर अर्थिंग आहे का ते आधी बघा. बऱ्याच घरांत नसतंच, आणि ओल्या फरशीवर उभं राहून लोखंडी कूलरला हात लावणारे आपणच. अर्थिंग करून घ्या, विजेची गळती पकडणारा ब्रेकर बसवा. आणि भर उन्हाळ्यात खिडकीखालची भिंत ओली दिसली तर धाब्यावर चढू नका, कूलरची टाकी बघा.

धागाकर्ती
गवंडीभाऊ, काल वर चढून एका कोपऱ्यात कोबा फोडला. खाली मातीचा थर सव्वा फूट निघाला! उद्यापासून दोन माणसं लावून उतरवतेय, खोलीत कड्यांखाली टेकूही देणार आहे. तीन कड्यांची टोकं गेलीत. सुतार म्हणतो, कुजलेलं कापून बाजूने सागाची जोडकडी बोल्टने बसवू, अख्खी कडी बदलायला नको. चालेल का? बोल्ट किती जाडीचा लागेल?