मदत हवी आहे: शेळ्यांचा विश्रांतीवाडा आणि कत्तलीच्या जागेकडे जाणारी वाट

नगरपालिकेच्या लहान कत्तलखान्याची दुरुस्ती निघाली आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार लहान जनावराला १.६ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे ६४ चौरस मीटरच्या वाड्यात ४० शेळ्या, एकही जास्त नाही. पशुवैद्यकाने तासाला १२ जनावरंच तपासायची, त्यामुळे ४० ना तीन तास वीस मिनिटं जातात. पुढे २४ तास विश्रांती. रविवारचा माल शनिवारी पहाटेच उतरवावा लागेल, हे व्यापाऱ्यांना कसं पटवता?

खरी अडचण वाड्यापासून कत्तलीच्या जागेपर्यंतच्या वाटेची आहे. गुळगुळीत फरशी धुतली की शेळ्या घसरतात, मग त्यांना कान-पाय धरून ओढलं जातं. हे थांबायलाच हवं. घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर आधीच संपते, मटणाचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा) ६ च्या वर राहतो, ते गडद पडतं आणि लवकर खराब होतं. काँक्रीटला खाचा पाडाव्यात की रबरी मॅट टाकावी? खाचांत रक्त साचतं का?

एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, हाही नियमच. त्यासाठी पत्र्याचा आडोसा केला, तर तो वाजून शेळ्या बिथरतात का? भिंतच बांधावी? तपासणीत पशुवैद्यक आधी काय बघतात, तेही सांगा.